स्कॅन केलेली दफ्तरं पडताळतं कोण?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोडी कागदपत्रांच्या स्कॅनिंगबद्दल आपल्या दैनिकात जी बातमी आली ती वाचली. आनंद झाला. वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत आणि संस्थांत अजूनही माळ्यावर, कपाटाच्या तळाशी दफ्तरांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पडून आहेत, आणि वाळवीच्या आधी कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचतंय ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच बातमीच्या शेवटी असंही म्हटलं होतं, की स्कॅन झालेले कागद सर्व्हरवर ठेवले असल्यामुळे आता त्यांना कसलाही धोका उरलेला नाही. हे खरं नाही. त्यावर विसंबून एखादी संस्था मूळ कागदांकडे किंवा सर्व्हरकडे दुर्लक्ष करील, या काळजीने हे पत्र लिहिते आहे.

मी इथल्या एका रासायनिक कारखान्याच्या संगणक विभागात स्टोरेज सांभाळते. शिवाय दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या काही मराठी संस्थांचे सर्व्हर सुट्टीच्या दिवशी जाऊन बघते, कारण त्या संस्थांत मी लहानपणी वाचायला-गायला गेले आहे. त्यामुळे कारखान्यातले लाखोंचे अॅरे (अनेक डिस्क जोडलेली साठवण यंत्रं) आणि संस्थेच्या जिन्याखाली ठेवलेला चार डिस्कचा डबा, या दोन्हीचा माझा रोजचा संबंध आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट कुणी विचारत नाही: डिस्कवर जी जादा माहिती ठेवली आहे ती बरोबर आहे का, हे शेवटचं कधी तपासलं?

ही जादा माहिती कसली, ते थोडं सविस्तर सांगते. विकणारा सांगून जातो, "रेड लावलंय, एक डिस्क गेली तरी काळजी नको." १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ही कल्पना निबंधरूपाने मांडली. स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, आणि त्यातली एखादी मेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातली माहिती पुन्हा काढता यावी एवढी जादा माहिती सोबत ठेवायची. रेड १ मध्ये दुसऱ्या डिस्कवर सरळ नक्कलच असते. रेड ५ मध्ये पॅरिटी असते. तीन डिस्कवर १, ०, १ असे बिट असतील तर चौथ्या डिस्कवर ० लिहायचा, म्हणजे एकूण १ या अंकांची संख्या सम राहते. आता तिसरी डिस्क मेली. उरले १, ० आणि पॅरिटीचा ०. बेरीज सम व्हायला हवी, म्हणून गेलेला बिट १ होता हे कळतं. सगळी जादू एवढीच, आणि ती चोख चालते.

मात्र समजा काही कारणाने पॅरिटीच्या जागी ० ऐवजी १ पडून राहिला. आज काहीच बिघडत नाही. फाइल उघडते, पान दिसतं, कारण रोजच्या वाचनात यंत्र पॅरिटी वाचतच नाही. ते मूळ माहिती उचलून देतं. सहा महिन्यांनी तिसरी डिस्क मरते. नवी डिस्क घातली जाते, यंत्र हिशेब करतं: १, ०, १, म्हणजे गेलेला बिट ०. तो चुकीचा ० नव्या डिस्कवर लिहिला जातो, पुनर्बांधणी यशस्वी झाल्याचा संदेश येतो, चारही दिवे हिरवे होतात. जे पान कालपर्यंत नीट होतं ते त्या क्षणी बिघडलं, आणि कुठेही धोक्याची सूचना आली नाही. माझ्या मते डिस्क मरण्यापेक्षा हा प्रकार जास्त वाईट. मेलेली डिस्क निदान लाल दिवा तरी दाखवते.

पॅरिटी अशी चुकते कशाने? सर्वांत नेहमीचं कारण आपल्याकडे वीज. माहिती आणि पॅरिटी दोन वेगळ्या डिस्कवर लिहिली जाते. एक लिहून झाली आणि दुसरी लिहायच्या आत वीज गेली, की दोन्हींचा मेळ तुटतो. यासाठीच चांगल्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या भागात, कॅशे (डिस्कवर लिहायची राहिलेली माहिती) जपणारी बॅटरी असते. पण ती बॅटरी काही वर्षांत दमते, आणि तिच्याकडे बघायला कुणाला सुचत नाही. याखेरीज डिस्कचं फर्मवेअर (तिच्या आतली आज्ञावली), सैल केबल, बिघडलेली मेमरी, लिहिलं असं सांगून न लिहिणारी डिस्क, अशी बाकीची कारणं आहेत.

म्हणून तपासणी लागते. व्हॉल्यूमवरची (डिस्क जोडून झालेल्या साठवणीवरची) प्रत्येक पट्टी, म्हणजे सगळ्या डिस्कवर विभागलेला माहिती-पॅरिटीचा एकेक संच, वाचायची, पॅरिटी नव्याने काढायची, डिस्कवरच्या पॅरिटीशी ताडून बघायची. रेड १ असेल तर दोन्ही नकला समोरासमोर ठेवायच्या. मोठ्या अॅरेवर याला रिडंडन्सी चेक म्हणतात, हार्डवेअर कंट्रोलरवर कन्सिस्टन्सी चेक, आणि घरगुती नॅस (नेटवर्कला जोडलेल्या) डब्यांवर बहुधा स्क्रब किंवा स्क्रबिंग. रेड ० असेल तर ही तपासणी होऊच शकत नाही, कारण तिथे ताडून बघायला जादा काही नसतंच. एका संस्थेत मी बघायला गेले तेव्हा डबा रेड ० वर लावलेला निघाला. जागा जास्त मिळते म्हणून बसवणाऱ्याने तसा लावला होता, आणि बिलावर मात्र 'रेड सर्व्हर' असंच लिहिलं होतं. विश्वस्तांना दोष कसा देणार? त्यांनी बिलावर विश्वास ठेवला.

इथे आणखी एक घोळ हमखास होतो. बऱ्याच अॅरेच्या पडद्यावर मीडिया स्कॅन नावाची एक चौकट असते आणि तिच्यासोबत रिडंडन्सी तपासणीची वेगळी चौकट असते. पहिली चौकट फक्त एवढंच बघते की प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा लहानसा कप्पा) वाचता येतोय का. वाचलेली माहिती पॅरिटीशी जुळते का, हे दुसरी चौकट बघते. पहिलीवर खूण आणि दुसरी रिकामी, असं मी किती ठिकाणी पाहिलं आहे! विचारलं तर उत्तर येतं, "स्कॅन चालू आहे ना मॅडम." स्कॅन चालू आहे, खरं आहे. पण जुळणी होत नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या हाताखाली असं यंत्र असेल तर त्यांनी आजच ती दुसरी चौकट उघडून बघावी.

२०२४ च्या ऑगस्टमधला पूर वडोदऱ्यात कुणी विसरलेलं नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि त्या दिवसांत पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. एका संस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर होता. आदल्या दिवशी स्कॅनिंग करणाऱ्या मुलीने त्या आठवड्याची पानं सर्व्हरवर चढवायला लावली होती आणि ते काम चालू असतानाच वीज गेली. यूपीएसने जेवढा वेळ दिला तेवढा दिला. पाणी यायच्या आत तिथल्या शिपायाने आणि शेजारच्या दोन मुलांनी तो डबा पहिल्या मजल्यावर उचलून नेला, म्हणून यंत्र वाचलं. त्या तिघांचे उपकार संस्थेने मानावेत तेवढे थोडे.

पूर ओसरल्यावर, डबा पुरता कोरडा आहे याची खात्री करून आम्ही तो सुरू केला. चार हिरवे दिवे. पडद्यावर 'ऑप्टिमल'. मुलीने दोन-चार पानं उघडून दाखवली, अगदी स्वच्छ. सत्तरी ओलांडलेले चिटणीस म्हणाले, "चला, देव पावला." मी म्हटलं, काका, एक रात्र थांबू या. कंट्रोलरच्या लॉगमध्ये बॅटरी निकामी झाल्याची नोंद खूप जुनी होती. यंत्र बसवल्यापासून कन्सिस्टन्सी चेक एकदाही चालवलेलं नव्हतं. ते रात्री लावलं, फक्त नोंद करायची, दुरुस्ती करायची नाही, अशा बेताने. सकाळी विसंगतींचा आकडा शून्य नव्हता.

आता खरा प्रश्न. पॅरिटी जुळत नाही म्हणजे चूक कुणाची, माहितीची की पॅरिटीची? रेड ५ हे सांगू शकत नाही. दोन नकलांचा रेड १ सुद्धा सांगू शकत नाही. याच शहरातल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड निघाले. निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या एकमेकींशी ताडून एकेका श्लोकाचा पाठ ठरवला गेला. हातात दोनच पोथ्या असत्या तर पाठभेद दिसला असता, पण कुठला पाठ धरायचा हे त्या दोघींवरून ठरलं नसतं. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो. डिस्कचंही तेच आहे. रेड ६ मध्ये दोन वेगळ्या रीतींनी काढलेल्या पॅरिटी असतात, त्यामुळे चूक एकाच डिस्कवर असेल तर ती कुठली हे हिशेबाने काढता येतं, यंत्र तेवढे कष्ट घेणारं असेल तर. सन कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएस या पद्धतीत प्रत्येक ब्लॉकची चेकसम, म्हणजे त्यातल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळ्या जागी ठेवलेली असते, म्हणून तिथे कुठली नक्कल खरी हे यंत्रालाच समजतं.

आमच्या त्या जुन्या डब्यात यातलं काहीच नव्हतं. पण त्या स्कॅनिंगवाल्या मुलीने एक काम फार शहाणपणाने केलं होतं. प्रत्येक रुमालाचं स्कॅनिंग संपलं की त्यातल्या सगळ्या फाइलींच्या चेकसमची यादी ती काढायची आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायची. हाच आमचा तिसरा साक्षीदार. सगळ्या फाइली यादीशी ताडून पाहिल्या. जुन्या रुमालांतली एकूण एक फाइल जुळली. शेवटच्या आठवड्यातल्या, वीज जाताना लिहिल्या जात असलेल्या काही फाइली मात्र जुळेनात. त्यातली एक उघडली तर वरच्या भागात मोडीच्या ओळी ठसठशीत, आणि खाली निम्म्या पानावर नुसता करडा पट्टा. त्या फाइली स्कॅनरच्या संगणकावर अजून होत्या, तिथून पुन्हा चढवल्या.

म्हणजे निष्कर्ष असा निघाला, की जुन्या पानांची माहिती शाबूत होती आणि काही पट्ट्यांवरची पॅरिटी शिळी झाली होती. मूळ माहिती खरी असल्याचा पुरावा हातात आल्यावरच आम्ही पॅरिटी नव्याने लिहून घेतली, बॅटरी बदलली, पुन्हा तपासणी लावली आणि या वेळी शून्य आला. त्याच आठवड्यात एखादी डिस्क मेली असती तर? त्या शिळ्या पॅरिटीवरून ज्या जुन्या पानांची पुनर्बांधणी झाली असती ती बिघडली असती. कुठली, हे वर्षानुवर्षं कुणाला कळलंही नसतं, कारण जमिनीच्या वादातला कुणी किंवा एखादा अभ्यासक नेमकं तेच पान मागेपर्यंत ते उघडणार कोण?

म्हणून ज्यांच्या हातात असली यंत्रं आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं: आधी बॅकअप घ्या, मग तपासणी लावा. तपासणी लावताना 'फक्त नोंद' हा पर्याय निवडा. थेट दुरुस्ती लावली तर बहुतेक यंत्रं माहिती खरी मानून पॅरिटी तिच्याप्रमाणे बदलतात. माहितीच चुकली असेल तर चुकीवर शिक्कामोर्तब होतं आणि मूळ मिळवायची शेवटची वाटही बंद होते. काही स्वस्त कंट्रोलरवर ही निवडच नसते, तिथे बॅकअपशिवाय हात लावू नये. एखादी डिस्क आधीच गेली असेल किंवा पुनर्बांधणी चालू असेल तर तपासणी लावू नये, आधी पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्यावी. आणि घाई करू नये. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने टोकापासून टोकापर्यंत वाचायला १५ तास लागतात, तेही दुसरं काही काम चालू नसेल तर. शनिवारी संध्याकाळी लावली तर रविवारी काम उरकतं. डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही तपासणी आपोआप लागते, फक्त तिचा निकाल कुणीतरी वाचायला हवा.

"यंत्र मंद होतं" ही तक्रार मी कारखान्यातही ऐकते. होतं, खरं आहे. तपासणीची प्राथमिकता खालची ठेवता येते, एका वेळी एकच व्हॉल्यूम घेता येतो. दुसरी तक्रार, "एएमसीवाला बघतो." एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेला माणूस, काय बघतो ते मी पाहिलं आहे. तो धूळ उडवतो, पंखे बघतो, दिवे बघतो, सही घेतो. त्याच्या कामाच्या यादीत पॅरिटी नाही, मग तो ती का बघेल? यादीत घालणं आपलं काम.

हा सगळा भीतीचा बाजार आहे असं कुणाला वाटू नये म्हणून मोजलेली गोष्ट सांगते. २००७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि नेटअॅप कंपनी यांच्या संशोधकांनी १५ लाखांहून अधिक डिस्कचा ३२ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३.४५ टक्के डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर निघाले, म्हणजे डिस्क चालू पण आतला एखादा कोपरा मेलेला. चार टक्क्यांहून कमी, म्हणून कुणी मान हलवील. पण पुनर्बांधणीच्या वेळी उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात कोटी गुणिले कोटी बिट वाचण्यामागे एखादी न सुधारता येणारी चूक होऊ शकते असं लिहिलेलं असतं. ते होतात साडेबारा टेराबाइट. ही कंपनीने स्वतःपुरती राखलेली कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात. तरी ८ टेराबाइटच्या चार डिस्कचा रेड ५ पुन्हा बांधायला २४ टेराबाइट वाचावे लागतात, आणि तेव्हा आधार द्यायला जादा काही शिल्लक नसतं. तो मेलेला कोपरा महिन्याच्या तपासणीत सापडला तर पॅरिटीवरून लगेच भरून निघतो. पुनर्बांधणीच्या दिवशी सापडला तर गेला.

बॅकअपला पर्याय म्हणून मात्र या तपासणीकडे बघू नये. पॅरिटी कितीही अचूक असली तरी कुणी फाइल पुसली तर ती पॅरिटीसकट पुसली जाते. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपच्याच प्रणालीतल्या चुकीमुळे ७७ टेराबाइट संशोधन पुसलं गेलं. तिथे डिस्क नीट होत्या. आणि मूळ रुमाल? ते स्कॅन झाले म्हणून रद्दीत जाता कामा नयेत, हे वेगळं सांगायला लागू नये. तरीही सांगते, कारण जागा मोकळी होईल असं बोलताना मी विश्वस्तांना ऐकलं आहे.

वडोदऱ्यात १९१० साली सयाजीराव महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं. पुस्तकं जमवून ते थांबले नाहीत. ती नीट लावायला, सांभाळायला अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. स्कॅनिंगला देणग्या मिळतात, उद्घाटनाचे फोटो छापून येतात. पुढची दहा वर्षं यंत्र सांभाळायला पैसे मागितले की बैठकीत शांतता पसरते. स्कॅनिंगच्या अंदाजपत्रकातच सांभाळायचा खर्च धरला पाहिजे, आणि देणगीदारांनीही तो मागितला पाहिजे.

संस्थांच्या, पतपेढ्यांच्या, छोट्या रुग्णालयांच्या चालकांनी यापुढे सर्व्हर घेताना किंवा एएमसी करताना करारात पुढचा मजकूर घालावा, अशी माझी विनंती आहे: "साठवण यंत्रावरील प्रत्येक व्हॉल्यूमची रिडंडन्सी तपासणी दर महिन्याला, तसेच अचानक वीज गेल्यानंतर आणि डिस्क किंवा बॅटरी बदलल्यानंतर करावी. तपासणीची तारीख, लागलेला वेळ आणि विसंगतींचा आकडा, शून्य असला तरी, लेखी द्यावा. विसंगती आढळल्यास संस्थेच्या लेखी संमतीशिवाय दुरुस्तीचा आदेश देऊ नये."

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर इतर काहीही कापावं, पण हा मजकूर आणि दुसऱ्या चौकटीबद्दलचा परिच्छेद कृपया ठेवावा. वडोदऱ्यातल्या कुठल्याही मराठी संस्थेला आपल्या यंत्राची पहिली तपासणी लावून हवी असेल तर त्यांनी दैनिकाच्या कार्यालयाकडे तसं कळवावं. रविवारी मी येऊन ती विनामूल्य लावून देईन, आणि निकाल कसा वाचायचा ते तिथल्या माणसाला शिकवून जाईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक स्टोरेज अभियंता
दांडिया बाजार, वडोदरा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)